पेट्रोलमधले शिसे आणि थॉमस मिजली

वैजापूरच्या पंपावर आज गाडीच्या टाकीत जे पेट्रोल पडते, त्यात पाचवा हिस्सा इथेनॉल असते. ते उसाचा रस, मळी, मका किंवा धान्य यांपासून तयार होते. शेजारच्या कोपरगाव तालुक्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतही हेच काम चालते. मायलेज घटले, जुन्या गाडीच्या रबरी नळ्या खराब होतात, अशी कुरकुर गाडीवाल्यांकडून ऐकू येते. ती सगळीच खोटी नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जवळपास दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. पण इथेनॉलचा एक गुण या कुरकुरीत मागे पडतो. त्याने पेट्रोलचा ऑक्टेन क्रमांक वाढतो आणि इंजिनाचे नॉकिंग थांबते. हे काही आजचे ज्ञान नाही. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या एका तरुण इंजिनिअरने गाडी चालवून ते दाखवले होते. त्यानंतर दोनच महिन्यांत त्याला दुसरा एक पदार्थ सापडला, इथेनॉल बाजूला पडले आणि पुढची कित्येक दशके जगभरच्या गाड्यांच्या धुरातून शिसे बाहेर पडत राहिले. त्या इंजिनिअरचे नाव थॉमस मिजली.

मिजली यांचा जन्म १८ मे १८८९ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या बीव्हर फॉल्स या गावी झाला. घरात यंत्रांचीच चर्चा. वडील टायरमध्ये सुधारणा करत, आईचे वडील करवतीच्या सुट्या दात्यांचे संशोधक म्हणून ओळखले जात. शाळेत असताना मिजली यांना बेसबॉलच्या चेंडूला वळण द्यायचे होते, तर त्यांनी एक-एक पदार्थ चेंडूला लावून पाहिला आणि शेवटी एका झाडाच्या बुळबुळीत सालीवर येऊन थांबले. कारण कळो न कळो, सापडेपर्यंत करून पाहायचे, ही त्यांची रीत आयुष्यभर टिकली. १९११ मध्ये त्यांनी कॉर्नेल विद्यापीठाची मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. रसायनशास्त्राचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते, हे पुढची हकीकत वाचताना ध्यानात ठेवावे.

१९१६ मध्ये ते ओहायो राज्यातल्या डेटन शहरात चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली कामाला लागले. राइट बंधूंचे गावही हेच. केटरिंग यांनी मोटारीचे हँडल मारणे बंद केले होते. बटन दाबून इंजिन सुरू करणारा त्यांचा विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत बसला. पण बॅटरीवरच्या ठिणगीची ही नवी गाडी चढावर खटखटू लागली आणि प्रतिस्पर्धी म्हणू लागले, दोष केटरिंगच्या ठिणगीचाच आहे. केटरिंग यांनी हे कोडे मिजली यांच्याकडे सोपवले.

ही खटखट म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे, कारण आजच्या गाडीतही तिचे कारण तेच आहे. सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण येते, पिस्टन ते दाबतो आणि मग ठिणगी पडते. किती पट दाबले याला कॉम्प्रेशन रेशो म्हणतात. दहा भागांचा एक भाग केला तर रेशो दहास एक. जितके जास्त दाबावे तितकी त्याच पेट्रोलमधून जास्त ताकद निघते. पण सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक कसे तापते, तसेच दाबलेले मिश्रणही तापते. ठिणगीपासून निघालेली ज्योत एका बाजूने शिस्तीत पुढे सरकायला हवी. कडब्याची गंजी एका टोकाने पेटली आणि आग पोचायच्या आत दुसऱ्या टोकाला आपोआप भडका उडाला तर काय होईल? सिलिंडरमध्ये तसेच होते. ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने एकदम पेटते, दाबाची लाट धातूवर आदळते आणि पत्र्यावर खडे पडावेत तसा आवाज येतो. वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने गाडी चढ चढत असेल, उन्हाळा असेल, गाडी भरलेली असेल, तर हे जास्त होते. असे बराच काळ चालले तर पिस्टनला भोकसुद्धा पडते.

मिजली यांनी सिलिंडरमधला दाब प्रकाशाच्या किरणाने फिल्मवर टिपणारे यंत्र बनवले. त्यात दिसले की दाबाची उसळी ठिणगी पडल्यानंतर येते. म्हणजे ठिणगी निर्दोष होती, दोष इंधनात होता. केटरिंग यांची बाजू राखली गेली आणि त्याहून मोठे दार उघडले. पेट्रोलच बदलता आले तर रेशो वाढवता येईल आणि तेवढ्याच तेलात गाडी जास्त धावेल. त्या काळी गाड्यांचा रेशो चारास एकच्या आसपास होता. आजच्या साध्या पेट्रोल गाड्यांचा दहा ते बारास एक असतो. अमेरिकेतले तेल काही वर्षांत संपणार असे तेव्हाच्या भूगर्भतज्ज्ञांना वाटत होते, म्हणून या प्रश्नाला घाई होती.

पहिले यश चुकीच्या तर्कातून आले. बर्फ असतानाच फुलणारी, पानांची मागची बाजू लाल असलेली एक जंगली वेल अमेरिकेत आहे. लाल रंग उष्णता लवकर शोषत असेल, मग पेट्रोल लाल केले तर ते नीट जळेल, असा केटरिंग आणि मिजली यांनी कयास बांधला. तेलात विरघळणारा लाल रंग प्रयोगशाळेत मिळाला नाही, म्हणून मिजली यांनी आयोडीन टाकले आणि खटखट थांबली! नंतर खरे लाल रंग आणून पाहिले तर एकाचाही उपयोग झाला नाही. गुण रंगाचा नव्हता, आयोडीनचा होता. पण आयोडीन महाग आणि धातू खाणारे. मग पदार्थांमागून पदार्थ झाले. अ‍ॅनिलीनने काम होई, पण धुराला घाण वास येई. सेलेनियम आणि टेलुरियमची संयुगे त्याहून गुणकारी निघाली, पण टेलुरियमचा लसणासारखा कुजका वास अंगात इतका मुरे की आंघोळ करून, कपडे बदलूनही जात नसे. तरी या दुर्गंधीतून एक दिशा मिळाली. मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत कुठल्या बाजूला सरकले की गुण वाढतो हे दिसू लागले आणि आंधळी शोधाशोध थांबली. सारणीत सरकत सरकत मिजली शिशापर्यंत आले.

९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग इंजिनात घातले गेले. गॅलनभर पेट्रोलला चहाच्या चमच्याहूनही कमी पुरे, म्हणजे हजारात एक भागही नाही. खटखट पूर्ण बंद.

इथे थोडे मागे जावे लागते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मिजली स्वतः जास्त रेशोची गाडी घेऊन डेटनहून इंडियानापोलिसला मोटार इंजिनिअरांच्या सभेला गेले होते, आणि त्या गाडीत पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळलेले होते. अल्कोहोल नॉकिंग थांबवते हे त्यांना उत्तम माहीत होते. अशा मिश्रणाच्या पेटंटसाठी त्यांनी अर्जही केला होता. मग ते सोडले का? एक कारण प्रामाणिक होते. अल्कोहोल शेकडा २०-३० घालावे लागते आणि सगळ्या देशाच्या गाड्यांना पुरेल एवढे अल्कोहोल तेव्हा कुठून आणायचे हा प्रश्न होता, वर १९२० पासून अमेरिकेत दारूबंदी. दुसरे कारण हिशेबाचे. अल्कोहोल कुणीही शेतमालापासून गाळू शकतो, त्यावर कुणाची मक्तेदारी चालत नाही. शिशाच्या वापराचे पेटंट मात्र कंपनीचे होते, आणि पेट्रोलचा पाचवा-चौथा हिस्सा शेतकऱ्याच्या हाती जावा हे तेल कंपन्यांनाही नको होते. दोन्ही कारणे खरी आहेत. पण पहिले एकटे असते तर निर्णय इतका झटपट झाला नसता, असे तो कागदोपत्री इतिहास पाहून वाटते.

शिसे विषारी आहे हे तेव्हा ठाऊक नव्हते, असे काही नाही. छापखान्यातले कामगार, रंगारी, कुंभार यांना होणारी शिशाची बाधा डॉक्टरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. त्यातून टेट्राएथिल लेड चरबीत विरघळते, कातडीतून आत जाते आणि थेट मेंदूवर जाते. १९२३ च्या सुरुवातीला खुद्द मिजली यांनाच ही बाधा झाली. काम सोडून ते हवापालटासाठी फ्लोरिडाला गेले. त्याच वर्षी २ फेब्रुवारीला डेटनच्या एका पंपावर हे पेट्रोल पहिल्यांदा विकले गेले. नाव ठेवले एथिल. शिसे हा शब्द नावात कुठेच नव्हता, आणि तो चुकून राहिलेला नव्हता. मे महिन्यात इंडियानापोलिसच्या शर्यतीत पहिल्या तीनही गाड्या याच पेट्रोलवर धावल्या आणि मागणी वाढली.

१९२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या बेवे येथील शुद्धीकरण कारखान्यात कामगारांना भास होऊ लागले. कुणी नसलेले किडे हवेत पकडू लागला, कुणी हिंसक झाला. काही दिवसांत पाच जण मेले, तीसहून अधिक रुग्णालयात गेले. त्याआधी डेटनच्या कारखान्यात दोघे दगावले होते, आणि डेलावेअर नदीकाठच्या ड्यूपाँटच्या कारखान्यातही माणसे मरत होती. तिथल्या इमारतीला कामगारांनी फुलपाखरांचे घर असे नाव दिले होते, कारण आत काम करणाऱ्यांना नसलेली फुलपाखरे दिसत. वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियासह काही ठिकाणी विक्रीवर बंदी आली.

३० ऑक्टोबर १९२४ रोजी मिजली पत्रकारांसमोर आले. त्यांनी ते द्रव्य हातांवर ओतून हात धुतले, बाटली नाकाशी धरून मिनिटभर हुंगली आणि हे रोज केले तरी काही होणार नाही असे सांगितले. दीड-पावणेदोन वर्षांपूर्वी याच पदार्थाने ते आजारी पडले होते, हे समोरच्या पत्रकारांना सांगितले नाही. मिजली हे काही खलनायक नव्हते. सहकाऱ्यांत ते लोकप्रिय होते, आपल्या शोधावर त्यांचा मनापासून विश्वास होता. पण त्या दिवशी त्यांनी जे केले ते अजाणतेपणी केले, असे म्हणता येत नाही.

मे १९२५ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलने परिषद बोलावली. हार्वर्डच्या डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी विरोध केला. कामगारांच्या घरी आणि कारखान्यांत जाऊन शिशाची बाधा शोधण्यात त्यांची हयात गेली होती, आणि हार्वर्डमध्ये अध्यापक झालेल्या त्या पहिल्या स्त्री. येलचे यँडेल हेंडरसन यांचाही मुद्दा तोच होता. कारखान्यातले मृत्यू काळजी घेऊन टाळता येतील, पण रस्त्यावरच्या धुरातून थोडे थोडे शिसे कोट्यवधी माणसांच्या अंगात वर्षानुवर्षे गेले तर ते कुणाच्या लक्षातही येणार नाही. समितीला तपासायला मिळाले जेमतेम सात महिने. तेवढ्या अवधीत गॅरेजवाले आणि ड्रायव्हर तपासून १९२६ च्या जानेवारीत तिने सांगितले की बंदीला पुरेसे कारण दिसत नाही, मात्र पुढे दीर्घकाळ तपासणी चालू ठेवावी. ती तपासणी पुढची चाळीस वर्षे मुख्यतः त्याच उद्योगाच्या पैशावर चालली.

शिसे इंजिनात साठू नये म्हणून पेट्रोलमध्ये ब्रोमीनचे एक संयुगही घालत. त्यामुळे शिशाचे ब्रोमाइड तयार होऊन ते धुराबरोबर बाहेर पडे. म्हणजे इंजिन स्वच्छ राहावे याची सोय अशी होती की सगळे शिसे हवेतच जावे.

याच काळात, १९२६ च्या सुमारास, एथिल कंपनीतल्या ग्रॅहम एडगर यांनी पेट्रोल मोजायची फूटपट्टी तयार केली. आयसो-ऑक्टेन हे द्रव्य सहसा खटखटत नाही, त्याला १०० गुण. हेप्टेन लगेच खटखटते, त्याला शून्य. एखादे पेट्रोल ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेनच्या मिश्रणासारखे वागले, तर त्याचा ऑक्टेन ९१. आपल्या पंपावरच्या साध्या पेट्रोलला बीएस-६ मानकात किमान ९१ लागतो, महागड्या पेट्रोलचा ९५ किंवा १०० असतो. शुद्ध इथेनॉलचा १०८ च्या पुढे जातो, म्हणून २० टक्के मिश्रणाचा ऑक्टेन ९५ च्या घरात पोचतो. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, एवढे समजून घेतले तर बरेच पैसे वाचतील. तो फक्त दाब सोसण्याची क्षमता सांगतो. टर्बो किंवा जास्त रेशोच्या इंजिनाला कंपनीच्या पुस्तिकेत ९५ मागितला असेल तर तो द्यावा. तिथे कमी ऑक्टेनचे पेट्रोल टाकले तर नॉक सेन्सर ठिणगीची वेळ मागे ढकलून इंजिन वाचवतो, पण समृद्धी महामार्गावर भरल्या गाडीने ओव्हरटेक करताना ती सुस्त वाटते. ज्या गाडीला ९१ पुरतो, तिला १०० पाजून काही मिळत नाही.

मिजली यांनी पुढे फ्रिजसाठी विषारी नसलेला वायू शोधला. १९३० मध्ये सभेत तो छातीत ओढून त्यांनी मेणबत्ती विझवून दाखवली. त्याच वर्गातले वायू ओझोनचा थर खातात हे १९७४ नंतर कळले. ती वेगळी आणि तितकीच मोठी कथा आहे. १९४० मध्ये त्यांना पोलिओ झाला, पाय गेले. अंथरुणातून उठता यावे म्हणून त्यांनी दोर आणि कप्प्यांचे यंत्र स्वतःच बनवले. २ नोव्हेंबर १९४४ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी, त्याच दोरांत अडकून त्यांचा मृत्यू झाला. तो अपघात की आत्महत्या यावर मतभेद आहेत. त्या वर्षी ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष होते. शंभरावर पेटंट, मानाची पदके, हे सारे जिवंतपणी मिळाले. हॅमिल्टन यांची भीती खरी होती हे पाहायला ते उरले नव्हते.

ते दाखवले एका भूरसायनतज्ज्ञाने. पृथ्वीचे वय काढताना क्लेअर पॅटरसन यांना शिशाचे प्रमाण अगदी बारकाईने मोजायचे होते, पण प्रत्येक नमुन्यात बाहेरचे शिसे मिसळलेले मिळे. इतके शिसे येते कुठून, याचा माग काढत ते समुद्राचे पाणी आणि ध्रुवाजवळचा बर्फ तपासत गेले आणि १९६५ मध्ये त्यांनी लिहिले की आजच्या माणसाच्या अंगातले शिसे निसर्गतः असायला हवे त्याच्या कितीतरी पट आहे. १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून दाखवले की दातांत शिसे जास्त असलेल्या, एरवी निरोगी दिसणाऱ्या मुलांची बुद्धी आणि एकाग्रता कमी भरते. शरीर शिशाला कॅल्शियम समजते आणि हाडांत, मेंदूत जागा देते. मोठा माणूस पोटात गेलेल्या शिशाचा सुमारे दहावा हिस्सा शोषतो, लहान मूल निम्म्यापर्यंत.

भारतात १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई इथे नव्या गाड्यांसाठी शिसेविरहित पेट्रोल सुरू झाले. तात्कालिक कारण मुलांचा मेंदू नव्हते; धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शिशाने निकामी होतो, म्हणून ते काढावे लागले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. तोवर वैजापूर असो की मुंबई, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या पेट्रोलच्या धुरात मिजली यांचे संयुग होतेच. मुंबईत १९९७ मध्ये तपासलेल्या मुलांपैकी सुमारे ६० टक्क्यांच्या रक्तात दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे आढळले होते. पेट्रोलमधून ते गेल्यावर, २००२ च्या तपासणीत, हे प्रमाण एक-तृतीयांशावर आले. औषध नाही, लस नाही, फक्त पंपावरचे पेट्रोल बदलले होते. जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ मध्ये थांबला.

अमेरिकेतले आरोग्य अधिकारी आता १० नव्हे, ३.५ मायक्रोग्रॅमलाच दखल घेतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. मुंबईच्या त्या उरलेल्या एक-तृतीयांश मुलांकडे पाहिले तर कळते की पेट्रोल हा एकच रस्ता नव्हता. जुन्या भिंतींचा सुटलेला रंग, पिवळेपणासाठी लेड क्रोमेट मिसळलेली सुटी हळद, आणि उघड्यावर जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवण्याची ठिकाणे हे रस्ते अजून चालू आहेत. रंगातल्या शिशावर २०१७ च्या अखेरीपासून ९० पीपीएमची मर्यादा आहे, पण त्याआधी रंगवलेली दारे-खिडक्या घराघरांत आहेत. अशा घरात रांगणारे मूल असेल तर रंग कोरडा खरवडू नये, ओल्या फडक्याने पुसावे. आणि घरचे कुणी बॅटरीच्या कामावर असेल, तर त्याने कामाचे कपडे बदलूनच मुलाला उचलावे. शंका आली तर रक्तातले शिसे मोजण्याची चाचणी मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत होते, छत्रपती संभाजीनगरच्या बालरोगतज्ज्ञांकडून ती सुचवून घेता येते.